‘आभार मान’ म्हणायच्या आधी: दत्तक आणि सांभाळायला आलेल्या मुलाला घराच्या देवधर्मात जागा कशी द्यावी

आमची लेक घरी आली तेव्हा सहा वर्षांची होती. पहिले दोन महिने ती प्रत्येक गोष्टीला ‘थँक यू आंटी’ म्हणायची. पाणी दिलं, थँक यू. वेणी घातली, थँक यू. रात्री पांघरूण घातलं की डोळे मिटलेलेच असायचे, पण ओठ हलायचे. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची पोर आहे हो. मलाही तसंच वाटायचं. एके दुपारी तिच्या हातून माठाजवळचा तांब्या लवंडला आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. मी फडकं घ्यायला वळले, तर ती भिंतीला चिकटून उभी आणि एका दमात म्हणतेय, ‘थँक यू आंटी, थँक यू आंटी.’ मी तिला काहीच दिलं नव्हतं.

ती भीती होती. इथून आपल्याला काढतील या भीतीला तिने तोवर आभारांचे कपडे घातले होते. त्या दिवसापासून आम्ही घरात एक ठरवलं: आभार मानायचे ते आम्ही मोठ्यांनी, तिने नाही. तिला द्यायचा तो हक्क. देवापुढे बसायचा, रुसायचा, नको म्हणायचा. हे ठरवणं सोपं होतं. आपल्या घरांत दिवसाची सुरुवात देवाच्या दिव्याने होते आणि वर्ष सणांवर मोजलं जातं, तिथे ते रोज निभावणं कठीण होतं. आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि आज पुन्हा करायचं झालं तर कसं करू, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: मूल येण्याआधी घरातल्या मोठ्यांशी बोला

कागदपत्रांचा रस्ता ठरलेला आहे. ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, सरकारी पोर्टलवर नोंदणी, सामाजिक कार्यकर्तीने घरी येऊन केलेला गृह अभ्यास, मग प्रतीक्षा, मग मुलाची माहिती. मूल आधी ताब्यात मिळतं आणि कायद्याचा आदेश नंतर येतो. आमच्या वेळी तो कोर्टातून आला. बालन्याय कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरसाहेबांकडे गेलं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी कार्यकर्ती घरी येऊन पाहून जाते.

या प्रतीक्षेच्या काळात लोक खोली रंगवतात, खेळणी घेतात. तेही करा, पण त्याआधी आजी-आजोबांना घेऊन एक संध्याकाळ बसा. त्यांच्या मनात प्रश्न असतात आणि ते तोंडावर विचारत नाहीत. गोत्र कुठलं? होम करावा लागेल का? देव चालवून घेईल का?

सासूबाईंना दत्तहोमाची काळजी होती. मी त्यांना सांगितलं की १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यातच लिहिलंय, दत्तक वैध ठरायला दत्तहोमाची गरज नाही. बालन्याय कायद्याखाली दत्तक घेताना तर धर्माचा प्रश्नच येत नाही. कुठल्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याने मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘मग होम राहू दे. सत्यनारायण करू, पण तिला चार माणसांची सवय झाल्यावर.’ होम करायचा असेल त्यांनी घराच्या समाधानासाठी जरूर करावा. मात्र मुलाला त्यात मांडीवर ‘दिलं-घेतलं’ म्हणून बसवू नका. तान्ह्याला कळत नाही, सहा वर्षांच्या मुलाला सगळं कळतं.

गोत्राचं उत्तर साधं आहे. दत्तक मूल नव्या घराच्या गोत्राचं होतं, ही जुनीच रीत आहे. गुरुजींना आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, म्हणजे पाटावर बसल्यावर चारचौघांत ‘मूळ गोत्र काय?’ असं विचारलं जाणार नाही. आमच्याकडे एका गुरुजींनी विचारलं. यजमानांनी लगेच आपलं गोत्र सांगितलं, पण लेकीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं ते मी पाहिलं. मुलाची जात शोधायच्या भानगडीत मात्र कुणी पडू नये. त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

मोठ्यांशी बोलताना आपल्या भागातल्या इतिहासाचा उपयोग होतो. माळव्यात आणि गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला दत्तक हा शब्द नवा नाही. इंदूरच्या गादीवर १८४४ साली आलेले दुसरे तुकोजीराव दत्तक होते. बडोद्याचे सयाजीराव १८७५मध्ये दत्तक आले, त्याआधी ते नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळ होते. ग्वाल्हेरच्या गादीवर तर एकापाठोपाठ दत्तक झाले. आणि झाशीच्या राणीसाहेबांचा मुलगा दामोदरराव? मूळचं नाव आनंदराव. गंगाधररावांनी २१ नोव्हेंबर १८५३ला प्राण सोडला, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला दत्तक घेतलं. इंग्रजांनी ते दत्तक मानलं नाही आणि संस्थान खालसा केलं. तो मुलगा पुढे आपल्या याच इंदुरात राहिला आणि १९०६ साली इथेच वारला.

या सगळ्या दत्तकांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गादीला मुलाची गरज होती, म्हणून त्या मुलाला कुणी ‘उपकार मान’ म्हणत नव्हतं. आज आपण उलटं धरून बसतो की मुलाला घराची गरज आहे, म्हणून त्याने ऋणी राहावं. सासूबाईंना ही गोष्ट माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा लवकर पटली.

याच इतिहासातली दुसरी गोष्ट मात्र उचलू नका. तेव्हा नाव बदलायचे. चालत्या-बोलत्या मुलाचं नाव बदलू नका. त्याच्याबरोबर आलेली तेवढी एकच वस्तू असते. हौस असेल तर बारशाच्या दिवशी दुसरं नाव जोडा, आणि कुठल्या नावाने हाक मारायची ते त्यालाच ठरवू द्या.

दुसरी पायरी: पहिले काही आठवडे देवळं कमी, रोजचं ठरावीक जास्त

आमची मोठी चूक इथे झाली. लेक आली त्याच आठवड्यात आम्ही तिला खजराण्याच्या गणपतीला नेलं. नवस फेडायचा होता. बुधवार, भली मोठी रांग, घंटा, प्रसादाची झुंबड. तिने माझा पदर इतका घट्ट धरला होता की घरी आल्यावर तिथे चुण्या तशाच होत्या. नवस आमचा होता. आम्ही दोघांनी जाऊन फेडला असता तरी गणपतीला चालला असता.

त्याऐवजी घरातल्या देव्हाऱ्यापाशी रोज एकच छोटं काम मुलाच्या हाती द्या. आम्ही गंध उगाळायचं काम दिलं. सहाणेवर दोन थेंब पाणी, चंदनाचं खोड गोल गोल फिरवायचं, आणि थोडा वेळ शांत बसायचं. तिथे मंत्र येण्याची गरज नाही. कुणी बघत नाही, चुकायला काही नाही. पहिले काही दिवस तिचं गंध पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि गणपतीच्या कपाळावरून ओघळून सोंडेवर यायचं. सासूबाई ते पुसायच्या नाहीत. ‘तिने लावलंय, राहू दे’ म्हणायच्या. साधारण तीन आठवड्यांनी दाट झालं.

फुलं वेचणं, समईची वात सरळ करणं, नैवेद्याच्या पानाभोवती पाणी फिरवणं, काहीही चालेल. तीन गोष्टी पाहा: काम रोजचं असावं, छोटं असावं आणि त्याच्यावाचून अडावं. एक दिवस ते मूल करणार नाही म्हणालं तर ओढून नेऊ नका. पण त्याचं काम दुसऱ्या कुणालाही देऊ नका. त्या दिवशी देव बिनगंधाचा राहिला तर राहू द्या.

तिसरी पायरी: त्याची प्रार्थना त्याच्यापाशीच राहू द्या

संस्थेत वाढलेली मुलं काहीतरी घेऊन येतात. आमची लेक जेवणाआधी डोळे गच्च मिटून हिंदीत एक प्रार्थना म्हणायची, शेवटचा शब्द लांबवत, वीस मुलांच्या सुरात. आमच्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणायची पद्धत. माझी पहिली इच्छा तिला आमचा श्लोक शिकवायची होती, हे कबूल करते. यजमान म्हणाले, ‘आधी तिची, मग आपला.’ तेच केलं. दोन्ही म्हणायचो. वर्षभराने तिने स्वतःच तिची म्हणणं सोडलं, आणि तिसऱ्या वर्षी एका श्रावण सोमवारी पुन्हा सुरू केली. का, ते आम्ही विचारलं नाही.

मूल दुसऱ्या धर्माच्या वातावरणात वाढलेलं असेल तर हे अधिक जपायला हवं. त्याच्या गळ्यात काही असेल ते काढू नका. ते हात कसे जोडतं, कुणाचं नाव घेतं, त्यावर घरात शेरा नको. पुढे मोठं झाल्यावर ते काय मानेल ते मानेल, पण लहानपणी त्याच्या तोंडची प्रार्थना पुसली तर ते पुसणं प्रार्थनेपुरतं राहत नाही, त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांवर हात फिरतो.

इथे एक वाक्य टाळा, आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं तरीही: ‘देवाने तुला आमच्यासाठी पाठवलं.’ मीही म्हणाले होते. लेकीने विचार केला आणि विचारलं, ‘मग देवानेच मला त्या आईकडून घेतलं का?’ तिचं बरोबर होतं. आपण आपल्या सुखाची गोष्ट सांगतो, आणि तीच गोष्ट मुलाच्या बाजूने ऐकली तर देव चोर ठरतो. आता मी एवढंच सांगते: आम्ही देवाकडे मूल मागितलं होतं. तुझ्या जन्म देणाऱ्या आईला तुला सांभाळता आलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी झाली याचं आम्हालाही वाईट वाटतं.

‘तिने प्रेमापोटी तुला दिलं’ हेही माहीत नसताना बोलू नका. प्रेम म्हणजे देऊन टाकणं असं ऐकलेलं मूल तुमच्या प्रत्येक ‘लाडके’ला दचकेल.

आभारांचं काय करायचं

तुमच्यापुढे सगळ्यांत जास्त येईल तो हा प्रश्न, आणि तो घराबाहेरून येईल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देताना कुणी म्हणेल, ‘फार पुण्याचं काम केलंत हो.’ शेजारच्या भाभी हिंदीत म्हणतील, ‘बड़ी नसीबवाली है बच्ची.’ मनाने चांगलीच असतात ती माणसं. पण मूल तिथेच, तिळगूळ हातात घेऊन उभं असतं.

मी आधी म्हणायचे, ‘नशीबवान तर आम्ही.’ नंतर वाटलं, हेही नको, कारण मग आमचं नशीब उजळायची जबाबदारी तिच्यावर येते. आता माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘पुण्य कसलं, मुलगी आहे आमची,’ आणि लगेच दुसरा विषय. ‘खरी आई कोण?’ असं कुणी विचारलं तर, ‘जन्म देणारी आई म्हणायचंय का तुम्हाला? ते तिचं खाजगी आहे.’ हे वाक्य आरशापुढे दोनतीनदा म्हणून पाहा. ऐनवेळी सुचत नाही.

घरात आभारांची सवय लावायची ती मोठ्यांपासून. दिवेलागणीनंतर आम्ही दोघं आणि सासूबाई एकेक गोष्ट बोलतो, नाव घेऊन. ‘आज बाबांनी सायकलची चेन बसवली.’ ‘आज दूधवाल्याने पावसात येऊन दूध दिलं.’ लेकीची पाळी येते, पण तिच्यावर सक्ती नाही. सुरुवातीला ती फक्त ऐकायची. आणि ‘तुला हे घर मिळालं म्हणून देवाला थँक यू म्हण’ असं वाक्य या घरात कुणीही उच्चारत नाही, पाहुण्यांनी उच्चारलं तर त्यांना बाजूला घेऊन सांगतो.

रागाच्या भरात ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ निघतं. पोटच्या मुलांनाही आपण म्हणतोच की, असं वाटेल. पण या मुलाला त्याचा दुसरा अर्थ ऐकू येतो. माझ्या तोंडून एकदा गेलं. मी त्याच रात्री माफी मागितली, कारणं न देता.

मग आपलेपणा आला हे ओळखायचं कसं? तक्रारीवरून. होळीला लेक ताटाकडे पाहून म्हणाली, ‘मला नेहमी छोटीच पुरणपोळी का?’ सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तीच पोर, जी तांब्या लवंडल्यावर आभार मानत होती. त्याच सुमारास कार्यकर्ती भेटीला आल्या तेव्हा चहा पुढे करत तिने सांगितलं, ‘आमच्याकडे चहात आलं घालतात.’ त्यांनी वहीत काय लिहिलं माहीत नाही.

सण: निरोप देणाऱ्या देवांची गोष्ट

याचा विचार मी कधीच केला नव्हता. लेक आषाढात आली आणि भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. दारापासून कुंकवाची पावलं काढली, मुखवटा तिच्या हाती दिला, घरभर फिरवून ‘कशाच्या पावलांनी आली?’, ‘सोन्याच्या पावलांनी’ हे सगळं झालं. ती हरखून गेली होती. तिने विचारलं, ‘या दोघी आधी कुठे राहायच्या?’ सासूबाई म्हणाल्या, ‘आल्या त्या आल्या, आता हे त्यांचं घर.’

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवल्या. साड्या सोडल्या, मुखवटे काढले. लेक शाळेतून आली, रिकामी मखर पाहिली आणि तिच्या खोलीत जाऊन दप्तरात कपडे भरायला लागली. दोन फ्रॉक, एक कंगवा. ती रडत नव्हती. कुणीतरी सांगण्याआधी आपणच तयार असावं, एवढंच.

म्हणून सांगते, ज्या मुलाने घरं बदललीत त्याच्यासाठी गणपती, महालक्ष्म्या, नवरात्राचे घट यांचं विसर्जन ही साधी गोष्ट नाही. आधीच सांगा: किती दिवस राहणार, मग काय होणार, पुढच्या वर्षी कधी येणार. कॅलेंडरवर खूण करा. मुखवटे कुठल्या पेटीत, कुठल्या कापडात गुंडाळून राहतात ते दाखवा. आमच्याकडे ती पेटी आता लेकच बंद करते. आणि अगदी सरळ शब्दांत सांगा, ‘देव जातात-येतात. तू जाणार नाहीस.’ ओल्या गणपतीच्या पाटाला हात लावत तिने हे माझ्याकडून तीन वर्षं वदवून घेतलं.

यशोदेची गोष्टही जपून सांगा. दत्तक आईला सगळे यशोदा म्हणतात, ऐकायला गोड वाटतं. पण त्या गोष्टीत कृष्ण मथुरेला जातो तो पुन्हा गोकुळात राहायला येत नाही, हे मूल विसरत नाही.

वाढदिवस आणि पितृपक्ष

वाढदिवसाला औक्षण करताना मूल अचानक चिडचिडं झालं, तर आश्चर्य वाटू देऊ नका. जन्माच्या दिवशी जन्म देणारी आठवणारच. काही मुलांची जन्मतारीखही डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते. आम्ही त्या दिवशी संध्याकाळी तिच्या पहिल्या आईसाठी एक निरांजन लावतो. आम्ही लावतो, ती हवं तर शेजारी बसते.

पितृपक्षात मात्र जन्मदात्यांच्या नावाने पान वाढू नका, ते गेल्याचं नक्की माहीत नसेल तर. ती बाई कुठेतरी हयात असेल. भावनेच्या भरात हे सुचवणारी माणसं भेटतात, त्यांना हे कारण सांगा, लगेच समजतं. मुलाला मूळ घरातलं कुणी गेल्याचं माहीत असेल आणि त्याला काही करावंसं वाटत असेल, तर गुरुजींना विचारा. ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडायची जागा आपल्या परंपरेने ठेवलेली आहे.

मूल सांभाळायला आलं असेल तर

फॉस्टर केअरमध्ये गोष्ट वेगळी असते. बाल कल्याण समिती मूल काही काळासाठी तुमच्याकडे देते. त्याचे आई-वडील असू शकतात, ते परतही जाऊ शकतं. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांमुळे एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं, आणि दत्तकाला मोकळं असलेलं मूल दोन वर्षं त्याच घरात राहिलं तर ते कुटुंब त्याला दत्तक घ्यायला अर्ज करू शकतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण ते होईपर्यंत त्याचं घर दुसरं आहे हे धरून चाला.

म्हणजे मुंज नाही, नाव नाही, कुलदेवतेला नेऊन ओटी-नवस नाही. त्याचा धर्म त्याच्या घरचा. आरतीला यायचं की नाही ते त्याने ठरवायचं, प्रसाद मात्र सगळ्यांबरोबर, सारखा. त्याच्या घरचे सण विचारून घ्या आणि तुमच्या कॅलेंडरवर लिहा. त्याच्या आईचा फोटो असेल तर त्याच्या उशाशी लावा. ‘आमच्याकडे राहून किती सुधारलं’ असं त्याच्या देखत कधीही बोलू नका. तुमच्या घराचं कौतुक म्हणजे त्याच्या घराची नालस्ती.

फाईल

शेवटचं काम कागदांचं. दत्तकाचा आदेश, जन्मदाखला, संस्थेतून मिळालेले अहवाल, आली तेव्हाचा फ्रॉक, पहिला फोटो, तिच्या संस्थेतल्या ताईंनी लिहून दिलेली चिठ्ठी, सगळं एका ठिकाणी ठेवा. मूल सज्ञान झाल्यावर त्याला आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसोबत. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय मिळत नाही, हेही त्याला वेळेवर सांगा, खोटी आशा नको. शाळेत वंशावळ काढायला सांगतील तेव्हा ही फाईल लागते. आम्ही झाडाला मुळं आणि फांद्या दोन्ही काढल्या, मुळांशी एक जागा बिननावाची ठेवली.

फाईल कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. आमची देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, महालक्ष्म्यांच्या पेटीशेजारी, आणि किल्ली गंधाच्या सहाणेमागे. लेकीला माहीत आहे. तिने आजवर दोनदा काढली. पहिल्यांदा दार लावून एकटीने. दुसऱ्यांदा, आत्तेबहिणीला तो फ्रॉक दाखवायला, की मी किती बारीक होते बघ.